रोमचे प्लेब्ज आणि ऑक्सफर्डचे खाणकामगार

हात, पाय, तोंड आणि दात यांनी एकदा पोटाविरुद्ध संप पुकारला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. इसापनीतीच्या संग्रहांत ती सापडते. पचनसंस्थेचा धडा सुरू करताना अनेक शिक्षक ती सांगतात. आम्ही राबायचे आणि पोटाने आयते खायचे, हे यापुढे चालणार नाही, असे अवयव ठरवतात. थोड्याच दिवसांत सारे शरीर गळून जाते, पोटही आपले काम करीतच होते हे अवयवांना कळते आणि संप मिटतो. मुले हसतात, शिक्षक फळ्याकडे वळतात.

लिव्ही या रोमन इतिहासकाराने ही गोष्ट एका संपाच्या हकिगतीत दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे इ.स.पू. ४९४ मध्ये रोमचे सामान्य नागरिक, म्हणजे प्लेब्ज, शहर सोडून तीनेक मैलांवरच्या 'पवित्र डोंगरा'वर जाऊन बसले. कारण कर्जाचे होते. लढाईवर गेलेल्या शेतकऱ्याची शेती पडीक राहायची, कर्ज वाढायचे, आणि ते फिटले नाही तर सावकार त्याला बांधून घरी राबवू शकत असे. या लोकांना परत आणण्यासाठी सिनेटने मेनेनियस अग्रिपा याला पाठवले. त्याने पोटाची गोष्ट सांगितली. पोट अन्न पचवून त्याचे रक्त करते आणि ते शिरांतून सर्व अवयवांना वाटते, असे त्याच्या तोंडी घातले आहे. हार्वेच्या रक्ताभिसरणाच्या शोधाला तेव्हा सोळाशेहून अधिक वर्षे अवकाश होता. अन्नाचे रक्त होते आणि शिरा ते वाहून नेतात, हीच त्या काळची समजूत होती. प्लेब्ज परत आले, पण नुसत्या गोष्टीवर नव्हे. त्यांनी 'ट्रिब्यून' नावाचे स्वतःचे अधिकारी मिळवले. ट्रिब्यूनच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही आणि नागरिकावर अन्याय होत असेल तर त्याने मध्ये पडून तो थांबवायचा, असे ठरले.

ही गोष्ट पुढे किती काळ आणि कशाकशासाठी वापरली गेली, हा एक स्वतंत्र विषय होईल. आम्हाला इथे तिचे एकच वळण पाहायचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी समाजवादी वृत्तपत्रांनी, पुस्तिकांनी आणि व्याख्यानांनी प्राचीन इतिहास कामगारांपुढे मांडायला सुरुवात केली. तोवर ग्रीक-रोमन इतिहास ही लॅटिन शिकलेल्या वरच्या वर्गाची मिरास होती. आता खाणीतून वर आलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात ग्रॅकस बंधूंविषयी वाचू लागला. त्याला त्यातून काय मिळाले, आणि जे मिळाले ते कितपत खरे होते?

अग्रिपाच्या गोष्टीला एक नेमके उत्तर १८६५ च्या जून महिन्यात लंडनमध्ये मिळाले. पहिल्या इंटरनॅशनलच्या सर्वसाधारण समितीपुढे जॉन वेस्टन या सुतारकाम करणाऱ्या सभासदाने असे मांडले होते, की मजुरी वाढवून घेण्यात अर्थ नाही. भांड्यात सूप ठरावीकच आहे, चमचे मोठे केल्याने ते वाढणार नाही. उत्तर देणारे होते कार्ल मार्क्स. त्यांनी अग्रिपाची आठवण काढली आणि एवढेच दाखवून दिले, की एका माणसाचे पोट भरल्याने दुसऱ्याच माणसाच्या हातापायांना बळ कसे येते हे अग्रिपाने सांगितले नाही. शरीराच्या उपमेत पोट आणि हात एकाच देहाचे असतात. समाजात मात्र पोट एकाचे आणि हात दुसऱ्याचे. मार्क्स यांची कन्या एलिनॉर यांनी हे भाषण १८९८ मध्ये पुस्तिकारूपाने छापले, आणि मग ते जगभरच्या अभ्यासवर्गांत पोहोचले.

वाचकांना इथे महात्मा फुले आठवले असतील. या भाषणानंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. त्यात ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र उत्पन्न झाले या कल्पनेला जोतीराव जीवशास्त्राचे साधे, बोचरे प्रश्न विचारतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि जोतीरावांना समाजवादी म्हणणे बरोबर होणार नाही. पण समाज म्हणजे एक शरीर, ही उपमा ज्यांच्या वाट्याला पाय आले त्यांना कधी ना कधी तपासावी लागते, एवढे दोन्हींत समान आहे.

आता अमेरिकेकडे वळू. डॅनियल डी लिऑन हे १८५२ मध्ये क्युरासाव बेटावर जन्मले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काही वर्षे व्याख्याते होते आणि १८९० मध्ये सोशलिस्ट लेबर पार्टीत आले. लवकरच 'द पीपल' हे पक्षाचे पत्र त्यांच्या हाती आले आणि १९१४ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते संपादक राहिले. १९०० मध्ये त्याचे दैनिकही निघाले. युजीन स्यू या फ्रेंच लेखकाने एका कष्टकरी घराण्याची सीझरच्या काळातील गॉलपासून आपल्या काळापर्यंतची कथा एका लांबलचक कादंबरीमालेत लिहिली होती. तिचे इंग्रजी भाषांतर डी लिऑन यांनी हाती घेतले, आणि पक्षाच्या प्रकाशनगृहाने त्या कादंबऱ्या एकामागून एक काढल्या. संपादकीय, सभा, निवडणुका आणि पक्षातली भांडणे (ती पुष्कळ होती आणि त्यांतली काही डी लिऑन यांनीच ओढवून घेतलेली होती) सांभाळून हा माणूस भाषांतर करीत बसे, ही गोष्ट त्या काळच्या समाजवादी पत्रकारितेविषयी बरेच काही सांगते. वाचकाला बातमी द्यायची तशी त्याला पूर्वजही द्यायचे, अशी ती दृष्टी होती.

एप्रिल १९०२ मध्ये डी लिऑन यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन व्याख्याने दिली. 'रोमन इतिहासातील दोन पाने' या नावाने ती पुढे पुस्तिकेत आली. पहिले पान प्लेब्जच्या पुढाऱ्यांचे. त्यांचा मुद्दा असा. प्लेब्ज हा एकजिनसी वर्ग नव्हता. त्यात कर्जबाजारी शेतकरी होते तसे श्रीमंत लोकही होते. या श्रीमंतांना पैशाची ददात नव्हती, फक्त जुन्या सरदार-घराण्यांनी, म्हणजे पॅट्रिशियनांनी, सत्तेचे दरवाजे त्यांना बंद केले होते. गरिबांच्या कर्जाची आणि जमिनीची ओरड त्यांनी आपल्या कामाला लावली. इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने कॉन्सलपद प्लेबियनांना खुले झाले. त्याच वेळी कर्जाची सवलत आणि सार्वजनिक जमिनीवर ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे १२५ हेक्टरांची, मर्यादा हेही कायदे झाले. पदे श्रीमंत प्लेबियनांना मिळाली. जमिनीच्या कायद्याचे काय झाले ते लिव्हीच सांगतो. कायदा आणणारा लिसिनियस स्टोलो हाच पुढे दंडाला पात्र ठरला. त्याने मुलगा स्वतंत्र झाल्याचे दाखवून दोघांच्या नावे १००० युगेरा ठेवली होती. कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून पळवाट काढण्याची ही युक्ती आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

डी लिऑन यांचा रोख अर्थातच त्यांच्या काळच्या अमेरिकेवर होता. १९०० मध्ये नॅशनल सिव्हिक फेडरेशन नावाची संस्था निघाली होती. उद्योगपती आणि कामगारनेते यांनी एकत्र बसून तंटे मिटवावेत, असा तिचा हेतू. उद्योगपती आणि सिनेटर मार्क हॅना आणि अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे सॅम्युएल गोम्पर्स हे तिथे मांडीला मांडी लावून बसत. हेच आजचे प्लेब्ज-पुढारी, असे डी लिऑन यांचे म्हणणे. दुसऱ्या पानावर ग्रॅकस बंधू होते. थोरला टायबेरियस इ.स.पू. १३३ मध्ये आपल्या शेकडो अनुयायांसह मारला गेला, धाकटा गायस १२१ मध्ये. डी लिऑन यांना त्यांच्याविषयी आदर होता, पण त्यांचा धडा इशाऱ्याचा होता. लोकांना सवलतींची चटक लावली की अधिक सवलती देणारा त्यांना पळवून नेतो. गायसने स्वस्त धान्याचा कायदा केला, वसाहतींच्या योजना आणल्या. सिनेटने ड्रुसस नावाचा ट्रिब्यून उभा करून त्याच्याकडून बारा वसाहतींचे आश्वासन देववले, आणि गायसची लोकप्रियता ओसरू लागली.

ही पुस्तिका अटलांटिक ओलांडून गेली आणि भलत्याच ठिकाणी पेटली. ऑक्सफर्डमध्ये १८९९ मध्ये रस्किन कॉलेज निघाले होते. ते विद्यापीठाचा भाग नव्हते. कामगार संघटनांनी पाठवलेले प्रौढ विद्यार्थी, दक्षिण वेल्सचे खाणकामगार, रेल्वेचे लोक, तिथे वर्ष-दोन वर्षे राहून शिकत. प्राचार्य डेनिस हर्ड हे पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक. आमच्या वाचकांना त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. उत्क्रांतिवाद सामान्य माणसाला चित्रांतून समजावून देणारे एक पुस्तक त्यांनी लिहिले होते. त्यांच्या समाजशास्त्राच्या वर्गातही उत्क्रांती हा धागा असे.

१९०७ च्या सुमारास विद्यापीठाला या कॉलेजविषयी एकाएकी आस्था वाटू लागली. विद्यापीठाचे नवे कुलपती कॉलेजला भेट देऊन गेले. हे कुलपती म्हणजे लॉर्ड कर्झन, १९०४ चा विद्यापीठ कायदा आणि १९०५ ची बंगालची फाळणी करून हिंदुस्थानातून परतलेले. हुशार कामगारांना विद्यापीठाने जवळ करावे, अशा योजना पुढे आल्या. वरवर पाहता यात वाईट काय होते? पण विद्यार्थ्यांतल्या काहींनी डी लिऑन वाचले होते. त्यांना या आमंत्रणात इ.स.पू. ३६७ दिसले. प्लेब्जमधल्या निवडक लोकांना वरच्या दालनात घ्यायचे, म्हणजे खालचे आपोआप गप्प बसतात. ऱ्होंडा खोऱ्यातला खाणकामगार नोआ ॲब्लेट हा या विद्यार्थ्यांत पुढे होता. १९०८ च्या ऑक्टोबरात 'प्लेब्ज लीग' स्थापन झाली, आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये 'प्लेब्ज' मासिकाचा पहिला अंक निघाला. नाव थेट त्या पुस्तिकेतून आलेले. ज्या प्लेब्जना त्यांच्या पुढाऱ्यांनी फसवले त्यांचेच नाव मिरवायचे, यात थोडा विरोधाभास आहे. पण फसवणूक ओळखता आलेले प्लेब्ज, असा त्यांना अर्थ अभिप्रेत असावा.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच हर्ड यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आले, आणि विद्यार्थ्यांनी व्याख्यानांवर बहिष्कार घातला. शिकण्याच्या हक्कासाठी शिकण्यावर बहिष्कार! संपाची सवय असलेल्या माणसांनी तो शिस्तीत चालवला. हर्ड गेले ते गेलेच. पण त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी 'सेंट्रल लेबर कॉलेज' काढले, आणि १९११ मध्ये ते लंडनला गेले. खर्च पुढे मुख्यतः दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांच्या आणि रेल्वे कामगारांच्या संघटनांनी उचलला. १९२९ मध्ये पैशाअभावी ते बंद पडले. तेराव्या वर्षापासून खाणीत काम केलेला अन्युरिन बेव्हन १९१९ ते १९२१ तिथे शिकला. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करणारे मंत्री ते हेच.

'प्लेब्ज' मासिकाने आपल्याविषयी एक वाक्य मिरवले होते. गटेचा एक विचार त्यांनी ब्रीद म्हणून घेतला होता. प्रांजळ राहण्याचे वचन देतो, तटस्थ राहण्याचे देत नाही, असा त्याचा आशय. आम्ही प्रयोगशाळेत वाढलेली माणसे. तटस्थता नाकारणारा इतिहास आम्हाला पहिल्यांदा खटकतो. पण विचार केल्यावर वाटते, की यातली खरी अट प्रांजळपणाची आहे. मलेरियावर काम करणारा संशोधक डासांच्या बाबतीत तटस्थ नसतो. त्याने आकडे मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. तेव्हा प्रश्न हा, की रोमची ही पाने प्रांजळपणे वाचली गेली होती का?

इथे शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातली एक गोष्ट उपयोगी पडेल. विद्युतप्रवाह शिकवताना आपण पाण्याच्या नळाची उपमा देतो. दाब म्हणजे विभवांतर, अरुंद नळी म्हणजे रोध. उपमा छान चालते. मग एखादा विद्यार्थी विचारतो, नळी कापली तर पाणी बाहेर सांडते, तार कापली तर वीज का सांडत नाही? चांगला शिक्षक या प्रश्नावर चिडत नाही. उपमा जिथे तुटते तिथेच तारेतला बंद परिपथ शिकवायची संधी असते.

डी लिऑन यांची उपमा दोन-तीन जागी तुटते. पहिली जागा पुराव्याची. लिव्ही लिहीत होता ऑगस्टसच्या काळात, म्हणजे पहिल्या संपानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी. अग्रिपाचे भाषण कोणी टिपून ठेवलेले नव्हते. प्लेब्ज आणि पॅट्रिशियन हे भेद सुरुवातीच्या रोममध्ये इतके स्पष्ट होते का, याविषयी आजचे इतिहासकार साशंक आहेत. दुसरी जागा अधिक महत्त्वाची आहे. प्लेब्जच्या झगड्यातून गरिबांच्या हाती काहीच लागले नाही, असे चित्र ओढूनताणून काढावे लागते. ट्रिब्यूनचे संरक्षण गरिबालाही मिळत होते. कर्जापायी नागरिकाला बांधून राबवण्याची पद्धत इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस कायद्याने बंद झाली, आणि ज्या कारणासाठी लोक डोंगरावर गेले ते कारण हेच होते. दीडशे-पावणेदोनशे वर्षे लागली खरी. पण पुढाऱ्यांचा मतलब आणि अनुयायांचा फायदा ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे त्या पुस्तिकेच्या चौकटीत बसत नाही. गोम्पर्स यांच्याविषयीही तेच. त्यांच्या संघटना कामगारांना वेतनवाढ आणि कमी तासांचा दिवस मिळवून देत वाढत गेल्या, डी लिऑन यांचा पक्ष लहानच राहिला. सवलत म्हणजे फसवणूकच, असे मानणाऱ्याला सवलत घेणारा माणूस का येत नाही हे समजत नाही.

तिसरी जागा गुलामांची. रोमचा आणि न्यूयॉर्कचा 'प्रोलेटॅरियट' हा शब्द एकच असला तरी वस्तू एक नव्हे. लॅटिनमध्ये 'प्रोलेस' म्हणजे संतती. ज्याच्यापाशी नोंदवण्यासारखी मालमत्ता नाही, फक्त मुले आहेत, तो प्रोलेटेरियस. मतदान करणारा, स्वस्त धान्य घेणारा हा नागरिकच होता. त्याच्या खाली गुलाम होते, आणि ग्रॅकसांच्या काळात मोठमोठ्या शेतांवर राबत होते ते गुलामच. मार्क्स यांनी लुई बोनापार्टच्या सत्ताग्रहणावरील आपल्या पुस्तकाला १८६९ मध्ये जी प्रस्तावना लिहिली तिच्यात रोमशी वरवरच्या तुलना करणाऱ्यांना नेमके हेच बजावले होते. रोमचा प्रोलेटॅरियट समाजाच्या जिवावर जगत होता, आधुनिक समाज प्रोलेटॅरियटच्या जिवावर जगतो, हे सिसमाँडीचे निरीक्षण त्यांनी तिथे पुढे केले. गंमत अशी, की याच पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करणारे होते खुद्द डॅनियल डी लिऑन.

गुलामांची बाजू घेणारी परंपराही होती. इ.स.पू. ७३ ते ७१ मध्ये गुलामांचे बंड उभारणारा स्पार्टाकस, आणि बंड मोडल्यावर कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेला क्रुसावर चढवलेले सहा हजार लोक! पहिल्या महायुद्धात जर्मनीत युद्धविरोधी समाजवाद्यांची चोरून छापलेली पत्रके १९१६ पासून याच नावाने निघत. पण तिथे स्पार्टाकस हे एक चिन्ह होते. रोमचा इतिहास शिकवण्याची खटपट प्लेब्जच्या वर्गांत अधिक झाली, म्हणून त्यांच्याकडेच आम्ही अधिक लक्ष दिले.

हाच पेच आपल्या घरी चाळीस वर्षांनी उभा राहिला. मुंबईत १९२२ मध्ये 'द सोशलिस्ट' हे साप्ताहिक काढणारे आणि पुढे गिरणी कामगारांचे नेते झालेले श्रीपाद अमृत डांगे यांनी येरवड्याच्या तुरुंगात प्राचीन भारताच्या इतिहासाचा अभ्यास केला. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा भारताचा प्रवास मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आले. यज्ञ ही आदिम गणसमाजाची सामुदायिक उत्पादनपद्धती होती, असे त्यात मांडले आहे. एंगल्स यांनी ग्रीस आणि रोमसाठी आखलेल्या पायऱ्या वेद आणि महाभारतात शोधल्या आहेत. ज्यांना पूर्वजांच्या नावाने फक्त वर्णव्यवस्था ऐकवली गेली, त्यांना एका समतेच्या भूतकाळाचा पत्ता देण्याची ही धडपड होती. तिच्यामागची तळमळ नाकारण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात या पुस्तकावर एक कठोर परीक्षण आले. लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिताचे प्राध्यापक आणि स्वतः मार्क्सवादी. उत्खननांचा पुरावा डावलला आहे, ग्रंथांचा काळ न ठरवता त्यांतली वचने घेतली आहेत, ही त्यांची तक्रार. ग्रीस-रोमसारखी गुलामगिरीवर उभी असलेली उत्पादनपद्धती भारतात होती असे पुराव्यावरून दिसत नाही, ही भूमिका कोसंबींनी १९५६ च्या आपल्या ग्रंथातही कायम ठेवली. मार्क्सवाद हे विचार करण्याचे साधन आहे, विचार करण्याऐवजी वापरायची वस्तू नव्हे, असेही त्यांनी त्या परीक्षणात सुनावले.

कोसंबी स्वतः वेगळ्या वाटेने प्राचीन काळाकडे जात होते. तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी ते तराजूत तोलत. नाणे जितका काळ हातांतून फिरते तितके झिजते, तेव्हा सरासरी वजनातील घटीवरून नाण्यांचा आगेमागे क्रम लावता येईल, हा त्यांचा तर्क. हीही एक तुलनाच झाली. पण ती आधी तपासावी म्हणून त्यांनी आपल्या काळात बाजारात फिरणारी नाणीही गोळा करून तोलली.

डांगे यांचे पुस्तक चळवळीच्या प्रकाशनगृहाने काढले, तेव्हा ते कार्यकर्त्यांच्या आणि अभ्यासवर्गांच्या हाती जाणार हे उघड होते. कोसंबींचे परीक्षण संशोधकांच्या नियतकालिकात छापले. परळ-लालबागच्या किती वाचनालयांत तो अंक आला असेल?